मताला पानाचा आधार

अलीकडे काय वाचलंत, असं विचारलं तर पुस्तकाचं नाव लगेच मिळतं. कसं वाटलं, असं विचारलं की मात्र बोलणं चार शब्दांत आटपतं. छान आहे, वाचनीय आहे, संग्रही ठेवण्यासारखं आहे, शैली ओघवती आहे. कराड आणि सांगलीच्या पट्ट्यात पुस्तकांची हौस कमी नाही. गावोगाव वाचनालयं आहेत, ग्रंथदिंड्या निघतात, ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात, नवी पुस्तकं प्रकाशित होतात. प्रकाशनाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन होतं, प्रास्ताविक होतं, शाल-श्रीफळ देऊन पाहुण्यांचा सत्कार होतो, रंगीत कागदात बांधलेल्या प्रती उलगडल्या जातात. मग वक्ते लेखकाच्या जिद्दीबद्दल, त्याच्या साध्या स्वभावाबद्दल, त्याच्या आईवडिलांच्या कष्टांबद्दल मनापासून बोलतात. पुस्तक उघडून एखादं पान वाचून दाखवणारा आणि हे इथे साधलंय, हे इथे फसलंय असं सांगणारा वक्ता क्वचित भेटतो. याची मला खरोखर खंत वाटते. पुस्तकाबद्दलचं मत मनात ठेवून द्यायची गोष्ट नाही, ते सांगायला हवं. आणि सांगताना त्याच्यासोबत कारण द्यायला हवं, पुस्तकातली जागा दाखवायला हवी. असं मत पुढे चुकीचं ठरलं तरी ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडतं. कारण न देता सांगितलेलं मत बरोबर असलं तरी कुणाच्या कामी येत नाही.

कारण दिल्याने काय घडतं ते नीट पाहायला हवं. कादंबरी आवडली एवढंच कुणी सांगितलं, तर ऐकणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही. तिथे पुस्तक बाजूला पडतं आणि सांगणाऱ्याचं वजन मोजलं जातं. प्राध्यापकांनी सांगितलं म्हणून वाचायचं, पुढाऱ्यांनी प्रस्तावना लिहिली म्हणून विकत घ्यायचं, ही सवय इथूनच लागते. त्याऐवजी अमुक प्रसंगात नायक गप्प राहतो आणि ती शांतता मला पटली नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकणारा तो प्रसंग काढून वाचू शकतो. त्याला तीच शांतता पटू शकते, आणि का पटली हेही तो सांगू शकतो. तिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच पानासमोर उभे असतात. पानाचा आधार असलेलं मत माणसाला माणसाच्या अधिकारातून सोडवतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो.

मराठीत याचं उत्तम उदाहरण शोधायचं तर दोन विदुषींकडे जावं लागतं. दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ १९६२ साली आलं आणि इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ १९६७ साली. दोन्ही पुस्तकं म्हणजे एकाच ग्रंथाबद्दलची वाचकांची मतंच आहेत. महाभारत घराघरात माहीत असलेलं, श्रद्धेने झाकलेलं. तरीही या दोघींनी ते आपल्या डोळ्यांनी वाचलं आणि वेगवेगळं वाचलं. दुर्गाबाई त्याच्याकडे काव्य म्हणून पाहतात. माणसाच्या मनात आणि त्याच्या नियतीत व्यासांनी किती खोल उतरून पाहिलं याचा त्या शोध घेतात. इरावतीबाई मानवशास्त्राच्या अभ्यासक. कुळ, नातेसंबंध, नियोगाची चाल, जमिनीची आणि जंगलांची मालकी यांच्या अंगाने त्या व्यक्तिरेखांचा विचार करतात. खांडववन जाळण्याच्या प्रकाराकडे त्यांनी ज्या कठोरपणे पाहिलं, त्याने कृष्णार्जुनांचे भक्त वाचक अस्वस्थ झाले असतील. पण त्यांचं म्हणणं खोडायचं तर महाभारतच उघडावं लागतं, नुसत्या संतापाने भागत नाही.

‘युगान्त’मधला द्रौपदीवरचा लेख या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते, पांडव पुढे निघून जातात, हा मूळ कथाभाग. इरावतीबाई त्यापुढे एक प्रसंग कल्पनेने रचतात, त्यात भीम तिच्यापाशी थांबतो. तो प्रसंग विलक्षण हृद्य आहे. पण तो रचण्याआधी त्या वाचकाला बजावून ठेवतात की इथपर्यंतचं विवेचन महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर आधारलेलं होतं आणि इथून पुढचं आपलं स्वतःचं आहे. ग्रंथात काय आहे आणि त्यावर आपण काय चढवतो आहोत, यांच्यामध्ये त्या स्वतःच्या हाताने रेघ ओढतात. या रेघेमुळे त्यांची कल्पना उणी होत नाही, उलट आपल्याला तिचा निर्धास्त आस्वाद घेता येतो. विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याबद्दलचा आपला तर्क मांडतानाही त्या पुरावे एकेक करून पुढे ठेवतात आणि त्या तर्काची मर्यादा ओळखून असतात. पुस्तकाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही एवढी एक शिस्त उचलली, तरी आपल्या गप्पांचा दर्जा बदलून जाईल.

कराडला ही शिस्त परकी वाटायचं कारण नाही. १९७५ च्या डिसेंबरात ५१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी याच दुर्गाबाई होत्या. देशात आणीबाणी होती आणि संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्र सरकारातले त्या वेळचे परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलल्या, आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी त्यांनी प्रार्थनेचं आवाहन केलं आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. या घटनेकडे राजकारणातलं धैर्य म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. मला त्यात एका वाचकाची सवयही दिसते. ज्या बाईंनी व्यासांसमोर बसून आपलं स्वतंत्र मत बनवलं आणि ते कारणांसह लिहून काढलं, त्यांना सत्तेसमोर आपलं मत सांगताना नवी भाषा शोधावी लागली नाही. पुस्तकाशी मोकळेपणाने असहमत होण्याचा सराव असलेल्या समाजालाच पुढे मोठ्या असहमतीची वेळ पेलता येते. २००३ साली सुभाष भेंडे यांच्या अध्यक्षतेखाली ७६वं संमेलनही कराडलाच झालं. तरी कराडच्या संमेलनाचं नाव निघालं की आठवण १९७५ चीच निघते, आणि ती निघते त्या व्यासपीठावर प्रकट झालेल्या मतभेदामुळे.

आता या कसोटीवर मी स्वतःची मतंही लावून पाहतो. सध्या मी या परिसरातली तीन पुस्तकं एकमेकांशेजारी ठेवून वाचतो आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची आणि यशवंतरावांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९८४ चं. माणदेशातली धनगरांची वाडी, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव आणि देवराष्ट्रे-कराडचा कृष्णाकाठ. नकाशावर ही ठिकाणं जवळजवळची आहेत. पहिल्या दोन्ही पुस्तकांत दुष्काळ आणि भूक आहे. बनगरवाडीत पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात आणि माणसं वाडी सोडून निघून जातात. फकिरात भूक खजिन्यावर आणि धान्यावर चालून जाते. माडगूळकरांचा तरुण मास्तर बाहेरून आलेला आहे, त्यामुळे तो न्यायनिवाडा करत नाही, नुसतं पाहतो. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, तो प्रसंग ज्या कमी शब्दांत येतो, त्याला मराठीत क्वचितच तोड सापडेल. पण याच संयमाची किंमतही पुस्तक मोजतं असं माझं मत आहे. आनंदा रामोशी मनात घर करतो, मात्र रामोशाला चोर ठरवणारा कायदा आणि त्यामागची सत्ता आपल्याला दिसत नाही. फकिरात तीच गोष्ट मध्यभागी आहे. मांगांवर लादलेली रोजची सरकारी हजेरी हा त्या कथेचा कणा आहे. एका कादंबरीत माणूस जवळून दिसतो, दुसरीत त्याला जखडणारी साखळी. म्हणून मी दोन्ही जोडीने वाचावीत असं सांगतो, एकीची शिफारस करताना दुसरीचं नाव घेतोच.

फकिराबद्दल माझी तक्रारही आहे. त्यात बरीच माणसं एक तर थोर किंवा दुष्ट आहेत, मधली छटा कमी. शिगावच्या जत्रेतून राणोजी जत्रेचा मान ठरवणारी जोगणी घेऊन निघतो, तिथे शौर्याचा सूर इतका चढतो की त्याच्या मनातली भीती किंवा शंका ऐकूच येत नाही. यावर कुणी म्हणेल, आणि म्हणावंच, की अण्णा भाऊ शाहीर होते, ही कादंबरी पोवाड्याच्या चालीने चालते आणि पोवाड्यात नायकाच्या शंका मोजायच्या नसतात. ज्यांच्या पूर्वजांची नोंद सरकारी दप्तरात फक्त गुन्हेगार म्हणून झाली, त्यांना निःशंक नायक देणं हीच त्या लेखकाची निवड होती. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. माझी तक्रार त्याने पुसली जात नाही, पण तिची जागा बदलते: ती आता लेखकाच्या कौशल्याबद्दलची राहत नाही, मी कादंबरीकडून काय मागतो याबद्दलची होते. जोगणीच्या त्या पानांचा उल्लेख केला नसता, तर हे उत्तर मिळण्याची सोयच राहिली नसती.

‘कृष्णाकाठ’बद्दल बोलताना तर आपण एका प्रसंगापलीकडे जात नाही. कोण होणार, या शाळेतल्या प्रश्नावर लहानग्या यशवंताने स्वतःचंच नाव लिहिलं, ही गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. मला त्या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग तुरुंगवासाचा आणि त्यानंतरचा वाटतो. आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात तिथे वाचन झालं, वेगवेगळ्या विचारसरणींवर वाद झाले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची ओढ लागली आणि पुढे महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्याशी जुळेना, तेव्हा यशवंतराव त्यांच्यापासून दूर झाले. एखाद्या विचारवंताकडून भरभरून घ्यावं आणि जिथे पटत नाही तिथे कारण सांगून थांबावं, हे एका खेड्यातून आलेला तरुण शिकतो आहे, असं ती पानं दाखवतात. १९४६ पाशी पुस्तक थांबतं आणि पुढचे भाग लिहायचे राहून गेले, ही त्याची मोठी उणीव. मुख्यमंत्री झाल्यावर ज्यांनी १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं, त्यांचं वाचकपण सत्तेत गेल्यावर कसं टिकलं, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळायला हवं होतं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की आवड ज्याची त्याची, तिच्यावर वाद कसला? आवड व्यक्तीची असते हे मान्य. पण पुस्तकाबद्दलच्या बोलण्यात आवड हा सर्वांत लहान भाग असतो. बनगरवाडी कुणाला कंटाळवाणी वाटली, तर त्या कंटाळ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या वाडीतली माणसं एकसारखी आहेत, असं तो म्हणाला तर मात्र वाद शक्य आहे, कारण कारभारी आणि आनंदा ही दोन माणसं पुस्तकात आपल्यापुढे उभी आहेत. दुसरा आक्षेप अधिकाराचा: साहित्याचा अभ्यास नसलेल्या शेतकऱ्याने, दुकानदाराने, नर्सने मत काय द्यावं? समीक्षेची परिभाषा त्यांच्याकडे नसेल, तिचा मान मी राखतो. वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’सारख्या मासिकाने गंभीर वैचारिक लेखनाची जी परंपरा जपली, तिच्यामागे मोठी विद्वत्ता आहे. पण दुष्काळ, हजेरी, जू, नांगर यांबद्दलच्या पुस्तकात खरं काय आणि बेतलेलं काय, हे सांगण्याचा अधिकार त्या जगण्यातून आलेल्या वाचकाकडेही असतो. त्याने तो वापरला नाही, तर समीक्षेचं ज्ञान अपुरंच राहील.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो लहान शहरांचा आहे. कवी शेजारच्या गल्लीत राहतो, कादंबरीकार मुलाचे शिक्षक आहेत, सभेचे अध्यक्ष सोयरे आहेत. खरं मत दिलं की संबंध बिघडतात. नव्याने लिहिणाऱ्याचा उत्साह मारला जातो, ही काळजीही त्यात असते. ती काळजी मी हलकी मानत नाही. तरी मला वाटतं की नव्या लेखकाचं सर्वांत मोठं नुकसान त्याचं पुस्तक न वाचता केलेल्या स्तुतीने होतं. पहिल्या पुस्तकावर पन्नास जणांनी छान म्हटलं आणि दुसऱ्या पुस्तकात तोच दोष पुन्हा आला, तर तो दोष त्या पन्नास जणांच्या पदरातही पडतो. आपल्या शेजारच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर इथे आठवतात. ‘केसरी’चे पहिले संपादक असलेल्या आगरकरांचे टिळकांशी मतभेद झाले, ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांनी सोसलं ते खूप, त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत लोकांची मजल गेली. पण मतभेद दडपून टिकवलेल्या मैत्रीपेक्षा त्या दोघांच्या उघड वादातून महाराष्ट्राला जास्त मिळालं. आपल्याला तर एवढं सोसायचंही नाही. चौथं प्रकरण मला उरकल्यासारखं वाटलं, हे एका शेजाऱ्याला आपुलकीने सांगायचं आहे.

आपुलकीचा आग्रह धरण्यालाही इतिहासाचा आधार आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’तून मराठी ग्रंथांची परखड चिकित्सा केली, मराठी वाचकाला परीक्षणाची सवय लावली. त्याच लेखणीने जोतीराव फुले यांच्या लेखनातली व्याकरणाची वैगुण्यं हेरून त्यांची थट्टा केली आणि त्या लेखनातला मुद्दा बाजूला राहिला. तिथे कारण होतं, पुरावाही होता, पण वाचण्याची इच्छा नव्हती. फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेला पत्र लिहून आपण का येणार नाही ते सांगितलं. माणसाचे हक्क नाकारणाऱ्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. आज मागे वळून पाहताना त्यांच्या मताचं वजन किती तरी मोठं वाटतं. यातून मी एवढंच घेतो की कारण आणि पान यांच्या आधी पुस्तकाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं लागतं. परखडपणा त्यानंतरचा.

शासनाने आपल्या परीने पुस्तकं लोकांपर्यंत नेली आहेत. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना आधार दिला. कराडच्याच जिल्ह्यातलं, महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि तिथल्या घराघरांतून पुस्तकं मांडली गेली. १५ ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पुस्तक हातात देण्यापर्यंत सरकार येऊ शकतं, त्यापुढचं काम वाचकांचं आहे. गावच्या वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ एकाच पुस्तकासाठी राखून ठेवता येईल. दोघांनी बोलायचं, एकाने पुस्तकाच्या बाजूने आणि दुसऱ्याने त्यातल्या उणिवांबद्दल, आणि प्रत्येक विधानासोबत पान उघडून दाखवायचं. हार, शाल, अध्यक्षीय समारोप काही नको. लेखक हजर असेल तर उत्तमच, त्याने शेवटी उत्तर द्यावं. शाळांनीही वाचन प्रेरणा दिनाला मुलांना किती पुस्तकं वाचली हे न विचारता एका पुस्तकातली न पटलेली एक गोष्ट कारणासह लिहायला सांगावी. दहा वर्षांच्या मुलाला हे जमतं, आणि मोठ्या लेखकालाही प्रश्न विचारता येतो, हे त्याला तेव्हाच कळलं तर वाचणं ही त्याच्यासाठी आयुष्यभराची हिंमत होईल. कराडच्या वाचकांनी ही सुरुवात करावी, कारण त्यांच्याच गावात भरसभेत वेगळं मत मांडलं गेलं होतं आणि ते ऐकूनही घेतलं गेलं होतं.